उबेतली पट्टी

नात्याच्या रकान्यात त्या बाईनं ‘पालक’ असं लिहिलं होतं, आणि सकाळी सकाळीच माझं डोकं सरकलं.

“अहो बाई, इथं नातं विचारलंय. पालक शाळेच्या फॉर्मवर लिहितात. ही पोरगी अठ्ठावीस वर्षांची आहे, आता हिचंच लेकरू शाळेत जाईल! तुम्ही कोण हिच्या? आई ना?”

 बाई उंच, हडकुळी, पन्नाशीच्या पुढची. गळ्यात मापं घ्यायची टेप तशीच लोंबत होती, म्हणजे शिलाई मशीनवरून उठून थेट दवाखान्यात. खुर्चीत बसलेली पोटुशी पोरगीच म्हणाली, “आईच आहे मॅडम. लिहा तुम्ही.”

“मग आई लिहायला काय लाज वाटते?” असं म्हणत मी पेन ओढून घेतलं, ‘पालक’वर काट मारली आणि माझ्या हातानं ठसठशीत ‘आई’ लिहिलं. बाई त्या अक्षराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, माझं अक्षर लागत नसेल. डॉक्टरांच्या अक्षराला लोक नावं ठेवतातच.

मी जयमाला बोरकुटे. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी स्त्रियांच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. तीस वर्षं हेच करते आहे. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. भूल देणाऱ्या माणसानं गोड बोललं पाहिजे असा कुठं नियम नाही, हात गोड पाहिजे.

पोरीचं नाव सानिका. लहानपणी सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली. एरवी जिना चढताना धाप लागायची, तेवढंच. पण गरोदरपणात हृदयाला दीडपट काम पडतं, आणि तिथं हिची पंचाईत होती. बाळ सिझेरियननं काढायचं हे ठरलं होतं. प्रश्न माझ्या खात्यातला होता. भुलीचं औषध जरा जास्त झालं की रक्तदाब कोसळणार, आणि ते हृदय कोसळलेला रक्तदाब उचलू शकणार नाही. औषध कमी पडलं की कळ लागणार, नाडी धावत सुटणार, फुप्फुसात पाणी भरणार. पूर्ण झोपवायचं तर तो घाव त्याहून मोठा. हृदयाच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट आकडा दिला होता. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून औषध द्यायचं, थोडं थोडं, आणि एकूण दहा मिलीच्या वर एक थेंब नाही. एरवी अशा शस्त्रक्रियेला मला सोळा-सतरा लागतात.

“दहात भागेल का?” शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. नाझनीन काझी यांनी मला विचारलं. नाझनीन माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण.

“शेजारणीला विचारते,” मी म्हटलं.

शेजारीण म्हणजे आमचं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि कुणी घेत नाही. बाईच्या अंगातली बित्तंबातमी त्याला असते, म्हणून नर्सेसनी हे नाव ठेवलं, आणि आता बिलावरसुद्धा तेच येतं.

हे यंत्र काय करतं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. मी शिकत होते तेव्हा एका गोष्टीनं मी वेडीच झाले होते. गरोदर बाईला झोपवायला भुलीचा वायू कमी लागतो. थोडाथोडका नाही, जवळजवळ एक तृतीयांशानं कमी. पाठीत द्यायचं औषधही कमी लागतं. का? तर गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक कित्येक पटींनी वाढतं. ते शरीरात मोडताना त्यातून एक पदार्थ तयार होतो, आणि तो मेंदूतल्या नेमक्या त्याच जागांवर काम करतो जिथं आमची भुलीची औषधं करतात. मज्जातंतू औषधाला लवकर वश होतात. शिवाय मज्जारज्जूत शरीराची स्वतःची वेदनाशामकं वाढतात, आणि दिवस भरत येतात तशी वाढतच जातात. म्हणजे बाळ यायच्या आधी शरीर आपलं आपण भूल तयार करून ठेवतं. ना शिकलेलं, ना सवरलेलं, आणि आमच्या आधी लाखो वर्षं हा धंदा करतंय! बाळ झालं, वार पडली, की ते संप्रेरक एक-दोन दिवसांत उतरतं आणि बाई पुन्हा साध्या माणसासारखी होते.

पण कुणाच्या अंगात ही ढाल किती, ते आम्हाला कळत नसे. सगळ्या गरोदर बायांना सरसकट थोडं कमी द्यायचं, एवढंच. शेजारीण आली आणि ते कळायला लागलं. हातभर तारेचा पसारा नाही, पोटाला चिकटवायची तळहाताएवढी पट्टी. ती कातडीखालच्या मज्जातंतूंना न जाणवणारा चिमटा काढते आणि शरीर तो किती दाबून टाकतं ते मोजते. ढाल कशामुळे आली याच्याशी तिला देणंघेणं नाही, किती आहे तेवढं ती सांगते. आम्ही त्या आकड्याला कवच म्हणतो. साध्या माणसाचं कवच दहा-बारा, नवव्या महिन्यातल्या बाईचं तीसच्या आसपास. तीन आठवडे पट्टी अंगावर राहिली, की शेजारीण त्या बाईपुरतं औषधाचं माप काढून देते.

पट्टी देताना मी त्या दोघींना नेहमीचं भाषण ऐकवलं. “या पट्टीत जिवंत पेशींचा थर आहे. पट्टी काढायची नाही. काही कारणानं काढावीच लागली, तर गार होऊ द्यायची नाही. अंगाच्या उबेत ठेवायची. गार झाली की मेली, आणि मग सगळं मुसळ केरात. समजलं?”

“समजलं,” आई म्हणाल्या. त्यांचं नाव कुंदाबाई. सानिका मात्र त्यांना ‘कुंदाई’ म्हणायची. मला ते ऐकायला गोड वाटलं. आजकालची पोरं आईबापाला काहीही लाडाची नावं ठेवतात.

*

तीन आठवडे शेजारणीचे आकडे माझ्याकडे येत होते, आणि मी ते बघून हरखून जात होते. सानिकाचं कवच तीसवर थांबलंच नाही. अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. एवढं कवच मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारणीनं माप काढून दिलं, आठ मिली. दहाच्या आत!

“काय खायला घालता हो पोरीला?” तपासणीच्या दिवशी मी कुंदाबाईंना विचारलं.

“काही नाई मॅडम, भाकर अन् मेथीची भाजी. दुपारी दूध.” त्या संकोचून हसल्या. “मी तिच्यापाशीच बसून राहतो. पाय चेपतो, डोक्यावरून हात फिरवतो. लहानपणापासून तिले तशीच झोप लागते.”

सानिकानं डोळे मिचकावले. “मॅडम, ब्लाऊज शिवता शिवता एक हात माझ्या डोक्यावर असतो. परवा एका बाईच्या बाह्या उलट्या लागल्या.”

“गप्प बस, चावट,” कुंदाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अन् एक नवल सांगू मॅडम? माहा हा उजवा खांदा चौदा वर्सं दुखते. मशीनचा खांदा आहे हा. ह्या महिन्यात दुखलाच नाई.”

“उन्हाळा आहे ना, उबेनं मोकळा होतो,” मी विचार न करता बोलून टाकलं. तीस वर्षं वेदनेचा अभ्यास करणाऱ्या बाईचं हे उत्तर! आता आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

*

शस्त्रक्रिया गुरुवारी होती. मंगळवारी सकाळी दहा वाजता सानिकाला धाप लागलेल्या अवस्थेत आणलं. फुप्फुसात पाणी धरायला सुरुवात झाली होती. नाझनीननं तपासलं आणि म्हणाली, “गुरुवार विसर. तासाभरात बाळ बाहेर पाहिजे, नाहीतर दोन्ही जातील.” सानिकाचा नवरा कच्छमध्ये सौर प्रकल्पावर होता, तो संध्याकाळच्या आत पोचणार नव्हता. बरोबर फक्त कुंदाबाई.

मी पाठीत नळी घातली, पोरीला डावीकडे थोडं कलतं झोपवलं, पट्टी लावली आणि यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. कवच, सव्वीस.

मला वाटलं, पट्टी नीट लागली नाही. दाबून लावली. सव्वीस. दुसरी नवीकोरी पट्टी फोडून लावली. सव्वीस. आणि शेजारणीनं निमूटपणे नवं माप दाखवलं, तेरा मिली.

मर्यादा दहाची. ह्या पोरीच्या अंगात तेरा गेले तर तिचं हृदय थांबू शकतं. दहा दिले आणि पोट उघडलं तर तिला सुरी कळणार, आणि मग तेच हृदय कळेनं थांबणार. तीन आठवडे चव्वेचाळीस दाखवणारं कवच एका रात्रीत गेलं कुठं?

“जयू, किती वेळ?” नाझनीन हात धुऊन उभी होती.

“पाच मिनिटं दे,” मी म्हटलं, आणि टोपी तशीच डोक्यावर ठेवून दाराबाहेर धावले.

कुंदाबाई बाकावर बसल्या नव्हत्या, भिंतीला लागून उभ्या होत्या. मी सरळ विचारलं, “पट्टी काढली होती का? खरं सांगा.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “रोज रात्री काढत होतो मॅडम. तिले पट्टीखाली घामोळ्या आल्या होत्या, खाजेनं झोपू शकत नव्हती लेकरू. पन मी गार नाई होऊ देल्ली! तुम्हीच म्हनलं होतं ना, अंगाच्या उबेत ठेवा. मी माह्या पोटाले लावत होतो रातभर. सकाळी आंघोळ झाली की परत तिले.”

बाप्पा! विरजण जसं उबेत ठेवावं, तशी ह्या बाईनं पट्टी स्वतःच्या पोटावर ठेवली होती. माझंच भाषण, शब्दन् शब्द पाळलेलं. म्हणजे अर्धे आकडे सानिकाचे नव्हतेच. रात्री नाडी कमी दिसायची, ती आम्ही पोरगी झोपलीय म्हणून उतरली असं धरून चाललो होतो. ती नाडीच दुसऱ्या बाईची होती.

मी तिथंच भिंतीला टेकून शेजारणीच्या हातात आणलेल्या छोट्या पडद्यावर रात्र आणि दिवस वेगळे करून मागितले. शेजारणीनं दोन रेघा काढल्या.

मी त्यांच्या खालच्या तारखा पुन्हा तपासल्या.

रात्रीची रेघ कुंदाबाईंची. बावन्न वर्षांची, पाळी गेलेली बाई. कवच असायला हवं दहा-बारा. पहिल्या रात्री सतरा. आठव्या रात्री सव्वीस. शेवटच्या रात्री एक्केचाळीस. पोरीच्या रेघेमागोमाग पायरीपायरीनं वर चढलेली, दिवस भरत आलेल्या बाईसारखी. खांदा दुखायचा थांबला होता तो उन्हाळ्यानं नव्हे.

दिवसाची रेघ सानिकाची. तीही चढत चढत अठ्ठेचाळीसवर गेलेली, दिवसभर तिथंच. फक्त दोन दुपारी ती धपकन खाली आली होती, अठ्ठावीसवर.

“चौदा तारखेला आणि वीस तारखेला दुपारी तुम्ही कुठं होता?” मी विचारलं.

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “ब्लाऊज पोचवाले गेलो होतो. दोन्हीई वक्ती. दोन घंटे लागले असतील.”

 पोरीचं स्वतःचं कवच सगळ्या बायांसारखंच होतं, तीसच्या आतबाहेर. बाकीचं वरचं ह्या हाताचं होतं. हात डोक्यावर असला की वर, हात गेला की खाली. आणि आता आत, त्या गार खोलीत, घाबरलेली पोरगी एकटी पडली होती. म्हणून सव्वीस.

माझ्या डोक्यात भराभर जुळणी झाली. बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या अंगात कित्येक वर्षं जिवंत राहतात, हे तर जुनंच माहीत आहे. मी कुंदाबाईंचं मनगट धरलं. “ऐका. तुम्ही हिला पोटात वाढवलं तेव्हा हिच्या पेशी तुमच्या अंगात राहून गेल्या. त्या अजून आहेत. आता ही पोटुशी राहिली, तुम्ही रात्रंदिवस हिच्या अंगाला अंग लावून आहात, तर त्या पेशी जाग्या झाल्या असणार. तिचं शरीर तुमच्या शरीराला ओळखतंय. तुम्ही आत चला. तिच्या डोक्यावर हात ठेवा. कवच वर आलं तर आठात काम होईल.”

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. हळूच, पण सोडवून घेतलं.

“मी येऊन उपयोग नाई होनार मॅडम.”

“का नाही होणार? घाबरू नका, रक्त दिसणार नाही तुम्हाला, पडदा असतो.”

“रक्ताचं नाई.” त्या माझ्याकडे बघेनात. “मी तिची सावत्र माय आहो. ती दोन वर्साची होती तवा मी त्या घरात आलो. तिची माय तिच्या जन्माच्या वक्तीच गेली. माही कूस तर कधी उजवलीच नाई. माह्या अंगात कोनाच्याच पेशी नाईत मॅडम. म्हनून मी फारमावर पालक लिहिलं होतं. तुम्ही आई लिहिलं, अन् मले खोडू नाई वाटलं. माही चूक झाली. तिच्या सासरचेई म्हनत होते, सावत्र मायकडे कायचं माहेर, इकडेच होऊ द्या बाळंतपन. मीच हट्टानं आनलं. तिची खरी माय असती, तर आज...” 

आतून नाझनीनचा आवाज आला. “जयू! बाळाचे ठोके उतरतायत.”

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला लख्ख आठवतं. पेशींचा माझा सिद्धांत पार आडवा झाला होता. दुसरं कारण माझ्यापाशी नव्हतं. कारण नसताना पोरीचा जीव एका हातावर टांगायचा? नियम तर माझाच होता, माझ्याच सहीनं दारावर चिकटवलेला, नातेवाइकांना आत सक्त मनाई. पण दोन रेघा माझ्या हातात होत्या. चौदा तारीख हातात होती, वीस तारीख हातात होती. कारण सापडत नाही म्हणून मोजलेलं खोटं मानायचं, इतकी मी म्हातारी झाले नव्हते.

“कुंदाबाई,” मी म्हटलं, “कारण मी नंतर शोधीन. तुम्ही आधी हात धुवा.”

“पन मॅडम, मी खरी...”

“हात धुवा म्हटलं ना!” मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा माझ्या ओरडण्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

*

हिरवा गाऊन त्यांना तोकडा झाला. टेप गळ्यातच होती, नर्सनं ती काढून घेतली. त्या दबकत सानिकाच्या उशाशी आल्या आणि स्टुलाच्या टोकावर बसल्या.

“कुंदाई?” सानिकाचे ओठ निळसर पडले होते. “तुला आत कसं सोडलं? ही बाई तर कुणाला सोडत नाही.”

“ही बाई ऐकतेय,” मी म्हटलं.

 कुंदाबाईंनी हात पोरीच्या कपाळावर ठेवला, केसांत नेला आणि फिरवायला लागल्या. एकाच लयीत, मागं, पुढं. मशीनचं पायडल मारणारी बाई ती, लय तिच्या अंगातच होती.

सव्वीस. पडदा ढिम्म हलेना.

एक मिनिट गेलं. नाझनीन माझ्याकडे बघत होती, मी पडद्याकडे. सत्तावीस. पुन्हा सव्वीस.  चुकले, मी म्हटलं मनात, एका बाईच्या भोळेपणावर पोरीला पणाला लावलं मी.

“सानू,” कुंदाबाई हळूच म्हणाल्या, “त्या उलट्या बाह्यांचं ब्लाऊज त्या बाईनं तसंच घातलं म्हने लग्नात.”

सानिका हसली. एवढ्या धापेत, पण हसली. “खरं?”

“तुही शप्पथ. सगळ्या बाया इचारत होत्या, ही कोनती फॅशन.”

एकतीस.

 चौतीस. अडतीस. मी नर्सला बोलावून दाखवलं, म्हणजे मला एकटीलाच दिसत नाहीये ना याची खात्री व्हावी. एक्केचाळीस. पंचेचाळीस. शेजारणीनं माप बदललं, आठ मिली. मी लहानपणी विहिरीत पाणी चढताना पाहिलं होतं, एकेक पायरी गिळत वर येणारं. तसं ते कवच त्या पोरीच्या अंगात चढत होतं, आणि ते चढवायला तिथं ना सुई होती ना औषध. एका शिंपिणीचा सुया टोचून टोचून राठ झालेला हात होता, बस्स.

मी दोन मिली दिले. रक्तदाब जागच्या जागी. आणखी दोन. मग दोन. मग शेवटचे दोन. बर्फाचा खडा तिच्या पोटावर फिरवला.

“गार लागतंय?”

“काय गार?” सानिका म्हणाली.

मी नाझनीनला मान हलवून खूण केली. तिनं सुरी चालवली. मी सानिकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. भुवईसुद्धा हलली नाही. नाडी अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, शहाण्णव. आठ मिलीत, त्या अर्ध्या मिटलेल्या झडपेच्या हृदयावर!  कुंदाबाई खालच्या आवाजात त्या ब्लाऊजवालीची गोष्ट पुढं सांगत होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी गळत होतं. ते पुसायला त्यांनी हात काही उचलला नाही.

अकरा वाजून चार मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो सहाशे. आल्या आल्या असा टाहो फोडला की नाझनीन म्हणाली, “जयू, हिचा आवाज तुझ्यावर गेलाय.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. तीस वर्षांत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी मी कधी रडले नव्हते.

*

तिसऱ्या दिवशी सानिकाचं कवच उतरून चौदावर आलं. पुस्तकात लिहिलंय तस्सं, वार गेली की संप्रेरक गेलं आणि संप्रेरक गेलं की ढाल गेली. मी तिचं वेदनाशामक वाढवून दिलं. ती बसून बाळाला पाजत होती, धाप ओसरली होती, नवरा बाजूला उगाच दुपट्यांच्या घड्या करत होता. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी झडपेचं काम करून घेऊ, आता भीती नाही.

मी आदल्या रात्री दुसरी पट्टी कुंदाबाईंना लावली होती. या वेळी सांगून सवरून. त्यांचा आकडा बघितला, एक्केचाळीस. उतरलाच नव्हता.

“बाळंतीन ती झाली,” कुंदाबाई म्हणाल्या, “मंग तिचं उतरलं अन् माहं काहून नाई उतरलं?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलंय, आणि ते म्हणताना मला इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. बाईच्या अंगात नऊ महिन्यांत ढाल तयार होते हे आम्हाला ठाऊक होतं. जिनं कधी पोटात वागवलं नाही तिच्याही अंगात ती तयार होते, आणि हातातून दुसऱ्याच्या अंगात उतरते, हे कुठल्याच पुस्तकात नाही. आता जगभरची मंडळी ते शोधत बसतील. शोधू देत. मला तर असं वाटत होतं की कुणीतरी माझ्यासमोर एक दार उघडलंय आणि आत केवढं मोठं घर आहे ते मला अजून दिसायचंय.

“खांदा कसा आहे?”

“खांदा?” त्यांनी उजव्या हातानं झोपलेल्या नातीला उचलून घेतलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. “नाई दुखत वो मॅडम.”

त्यांचे आकडे तज्ज्ञांकडे पाठवायचे तर त्यांची संमती लागणार होती. मी फॉर्म पुढं केला. वरती नाव, खाली सही, आणि मध्ये तो रकाना, रुग्णाशी नाते. मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बराच वेळ कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला नाही.

“कुंदाई, लिही ना,” सानिका म्हणाली. “मॅडम पुन्हा ओरडतील.”

मग पेन चाललं. मी वळून पाहिलं. कापडावर खडूनं खुणा करणाऱ्या माणसासारखं मोठं, सुटं, नीट मापात अक्षर होतं. आई.

त्यांनी कागद माझ्याकडे दिला, पण त्याचं एक टोक सोडलं नाही. “चालते ना मॅडम? खोडा लागन का?”

“खोडून तर बघा,” मी म्हटलं.